देव वगळून नाताळ

पंचवीस डिसेंबरला सकाळी सातच्या सुमाराला आमच्या दाराची कडी वाजते. दारात दशरथआबा उभे असतात. डोक्यावर टोपी, टोपीवरून मफलर, अंगात जावयानं दिलेला दोन मापं मोठा स्वेटर आणि हातात झाकण लावलेलं स्टीलचं पातेलं. शुभेच्छा वगैरे भानगड नाही. "वाटी आण," एवढंच म्हणतात. वाटी आणली की तिच्यात खरवसाच्या दोन जाडजूड वड्या ठेवतात आणि दर वर्षी तेच सांगतात, "नाताळाचा हाय. ह्यात देव न्हाय. दूध, गूळ आन् जायफळ हाय."

मग पुढचं दार.

आमच्या अंथुर्ण्यात आज एकही ख्रिस्ती घर नाही. आबा तर कुठल्याच देवाचे नाहीत. गावात जत्रा असो, सप्ताह असो, आबा पारावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत लांबून बघणार. असा माणूस दिवाळीचाच आकाशकंदील पुन्हा दाराला टांगून नाताळ करायला लागला, तेव्हा पहिल्या वर्षी गावात कुजबूज झाली की आबा बाटले. यमुनाकाकी म्हणजे आबांच्या पत्नी. त्यांनी ती कुजबूज नळावर एका वाक्यात मिटवली. म्हणाल्या, "पन्नास वर्षं माज्या खंडोबानं ह्यास्नी घेतलं न्हाय, आता दुसरा कोण घेतोय?"

ही बातमी बारामतीच्या एका पाळकांच्या कानावर गेली. बिचारे मोटारसायकलवरून आले, येताना एक कॅलेंडर घेऊन आले. आबांनी त्यांना चहा पाजला, खरवस खायला घातला आणि सांगितलं की तुमचा देव तुमच्यापाशी राहू द्या, मला नाताळ तेवढा पुरे. पाळक मनमोकळे हसले. तेव्हापासून त्यांचं कॅलेंडर दर वर्षी येतं आणि आबा त्यावर गाईंच्या तारखा लिहितात.

कारण खरवसाला चीक लागतो, चिकाला नुकती व्यालेली गाय लागते, आणि गाय काही आपल्या सोयीनं वीत नाही. आबांना हे मान्य नाही. ते पंचवीस डिसेंबरपासून नऊ महिने नऊ दिवस उलटे मोजतात आणि मार्च उजाडला की गुरांच्या डॉक्टरांना रोज फोन लावतात. डॉक्टर म्हणतात, आबा, गाय माजावर आल्याशिवाय मी येऊन काय करू. आबा म्हणतात, तुमी तयारीत ऱ्हावा. एक हुकली तर दुसरी असावी म्हणून त्यांनी दोन गाई ठेवल्यात. एका वर्षी दोन्ही हुकल्या. तेव्हा पुतण्याच्या गाडीवर मागं बसून हा सत्तरीचा माणूस थेट वडगाव निंबाळकरपर्यंत चीक शोधत गेला. आमच्याकडे चीक विकत नाहीत, शेजारीपाजारी वाटतात. त्यामुळे कुणा अनोळखी माणसाच्या ओट्यावर आबांना तासभर शेजारी होऊन बसावं लागलं, त्यांच्या सुनेच्या माहेरची चौकशी करावी लागली, आणि मग कुठे दोन लिटर चीक मिळाला. परत आल्यावर मला म्हणाले, "इकत मिळत न्हाय म्हणूनच ह्यो नाताळाला बरा. त्यातनं देव बाजूला काढला तरी डिग्री कमी होत न्हाय, बघ."

ही डिग्री काय, ते सांगायला हवं. आबा तीस वर्षं गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध तपासायला होते. दुधात काचेची नळी सोडायची. ती वर तरंगली तर दूध घट्ट, खाली गेली तर दुधात पाणी. त्या नळीवरच्या आकड्याला आमच्याकडे डिग्री म्हणतात. आबांनी तीस वर्षं ती बघितली आणि मग जगात दुसरं काही बघायचं राहिलंच नाही. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की आबा विचारणार, "डिग्री बघितली का?" पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की म्हणणार, "फेस लय." गावात एका बाईंच्या अंगात यायचं, तर आबा थर्मामीटर घेऊन गेले. काकी दर श्रावणात सत्यनारायण घालतात. पूजेला शेजारी नवरा लागतो म्हणून आबा पाटावर बसतात. हात लावा म्हटलं की लावतात, पाणी सोडा म्हटलं की सोडतात आणि शेवटी गुरुजींना विचारतात, "माजी हजेरी लागली न्हवं?"

केंद्रावर एक काळा फळा होता. ज्याच्या दुधात पाणी निघेल त्याचं नाव आबा त्यावर खडूनं लिहायचे आणि ते आठ दिवस पुसायचं नाही, असा त्यांचा स्वतःचाच कायदा होता. चेअरमनचा भाऊ त्या फळ्यावर लागला, खुद्द आबांचे मेहुणे लागले. एकदा त्यांच्या घरचंच दूध अर्ध्या डिग्रीनं कमी आलं. किटली विसळून काकींनी नीट निथळली नव्हती. आबांनी फळ्यावर 'यमुना दशरथ' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्यानंतर आठ दिवस त्यांना ताक-भाकरी मिळाली आणि ताकाची डिग्री फारच कमी होती, असं ते स्वतःच सांगतात.

पण आबांची सगळ्यात आवडती गोष्ट होती नर्सबाईंची. होती म्हणते, कारण ती आता ते सांगत नाहीत.

नर्सबाईंचं नाव रूथ. आमच्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी जन्म काढला. आज तिशी-चाळिशीत असलेला अर्धा गाव त्यांच्या हातावर जन्मला. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन दौंडला. निवृत्तीनंतरही बाई गावातच राहिल्या, दूध केंद्राच्या अगदी समोर, एक म्हैस पाळून. गावात तेव्हा ते एकच ख्रिस्ती घर. नाताळ आला की बाईंच्या दारावर कागदाची चांदणी लागायची आणि घरोघरी फराळाचे डबे जायचे. करंज्या, शंकरपाळ्या, नानकटाई आणि केकचा एक तुकडा. लग्न होऊन मी या गावात आले त्या वर्षी मलाही डबा आला होता. नव्या नवरीला सासरी करमत नसतं, म्हणून माझ्या डब्यात केकचे दोन तुकडे होते. पुढच्याच वर्षी बाई मुलीकडे राहायला गेल्या.

आबांची गोष्ट त्याच्याही आधीची. ती अशी. चोवीस डिसेंबरची सकाळ. बाईंना बारामतीच्या पहिल्या गाडीनं चर्चच्या कामाला जायचं होतं. म्हणून एरवी रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या राहणाऱ्या बाईंना त्या दिवशी लोकांनी पुढे सोडलं. गावात वीज नव्हती, त्यामुळे फॅटचं मशीन बंद. आबांनी नळी सोडली. म्हशीच्या दुधाला तिसाच्या आसपास लागायला हवी, ती पंचविसावर जाऊन थांबली. आबांनी दोनदा बघितलं. मग दूध परत केलं आणि वीस-पंचवीस माणसांच्या रांगेसमोर फळ्यावर नाव लिहिलं.

"आन् दुसऱ्या दिवशी काय झालं," इथं आबा मांडीवर थाप मारायचे. दुसऱ्या दिवशी नाताळ. बाई स्वतः फराळाचा डबा घेऊन आबांच्या दारात. म्हणाल्या, "दशरथराव, किटलीत माझ्याकडून पाणी राहिलं असेल. तुम्ही तुमचं काम केलंत. सणाचा दिवस आहे, मनात काही ठेवू नका." आबा गोष्ट संपवायचे ते एका ठरलेल्या वाक्यानं, "बघा, नळीपुढं नर्सबाईसुदिक कबूल झाल्या."

ही गोष्ट गावात इतकी चालली की तिची म्हण झाली. कुणाच्या दुधात पाणी सापडलं की तो हसून म्हणायचा, नर्सबाईंनी घातलं, मग आमी कोण. बाईंनी त्यानंतर केंद्रावर दूध घालणं बंद केलं. ते त्या आजूबाजूच्या लेकुरवाळ्या बायकांना देऊन टाकायच्या. डबे मात्र दर नाताळला जात राहिले.

मी बारामती एमआयडीसीत एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. पाच वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. नुकतंच आमचं कसलंसं प्रशिक्षण झालं होतं आणि मला माझ्या ज्ञानाचा जरा माज चढला होता. संध्याकाळी स्कूटी लावली आणि आबांच्या ओट्यावर टेकले. काकींनी चहा ठेवला. आबांनी नर्सबाईंची गोष्ट काढली. मी ती विसाव्यांदा ऐकत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदाच नीट ऐकली.

"आबा, बाई कुठून आल्या होत्या दूध घेऊन?" मी विचारलं.

"कुठनं म्हंजे? समोरच्या गोठ्यातनं. धार काढली आन् तशीच आली. फेससुदिक बसला नव्हता."

मी हसले. मला ते हसणं आजही ऐकू येतं. म्हटलं, "मग त्या दुधाची डिग्री कमीच लागणार. धारोष्ण दूध गरम असतं, त्यात हवा असते. नळी खाली जातेच. अर्धा तास थांबून मोजायचं असतं. आमच्याकडे पहिल्या दिवशी हे शिकवतात."

तीस वर्षांत आबांना हे कसं कळलं नाही, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. सगळ्यांचं दूध वाड्यावस्त्यांवरून सायकलीवर, मोटारसायकलीवर यायचं, रांगेत थांबायचं. नळी लागेपर्यंत ते निवलेलं असायचं. धार काढून शंभर पावलांवरून थेट नळीखाली आलेलं दूध तीस वर्षांत एकदाच आलं. त्या दिवशी बाईंना गाडी गाठायची होती.

आबांनी मला फक्त एवढंच विचारलं की हे पुस्तकात आहे का. मी हो म्हटलं. ते उठून आत गेले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एक नळी मागून घेतली. मग काकींकडून कळायला लागलं की आबा पहाटे गोठ्यात बसतात, काकी धार काढतात, आबा लगेच नळी सोडतात, आकडा लिहितात. मग अर्धा तास दुधापुढं बसून राहतात, पुन्हा नळी सोडतात, पुन्हा लिहितात. "देवापुढं कधी बसलं न्हाईत एवढं, दुधापुढं बसत्यात," काकी म्हणाल्या. काकींना हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी आबा सकाळीच माझ्या दारात आले. कागद पुढे केला. प्रत्येक सकाळचे दोन आकडे होते आणि पहिला आकडा प्रत्येक वेळी कमी होता.

"नळी बरोबर हुती," ते म्हणाले. "मी घाई केली."

मी म्हटलं, जाऊ द्या आबा, इतक्या वर्षांची गोष्ट. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "दौंडला चल माज्यासंगं. तू शास्तर सांग. चूक मी सांगतो."

मी लगेच हो म्हटलं. आणि इथून पुढचं सगळं माझ्यामुळे बिघडलं.

दौंड म्हणजे काय लांब? बारामतीपासून तासा-दीड तासाचा रस्ता. पण त्या आठवड्यात सुट्टी मिळाली नाही. मग गणपती आले. मग लेकीची परीक्षा आली, नवरात्र आलं. आबा विचारायचे नाहीत, फक्त दर रविवारी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि मी स्कूटी पुसत असले तर बघत राहायचे. मी म्हटलं फोन करू या, नंबर मिळवते. ते नको म्हणाले. रांगेसमोर लिहिलेलं फोनवर पुसायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मीच एक तोडगा काढला आणि मला तो फार सुंदर वाटला होता. म्हटलं, आबा, आपण नाताळलाच जाऊ. त्या नाताळला बाई तुमच्या दारात आल्या होत्या, आपण नाताळला त्यांच्या दारात जाऊ. आबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "व्हय. त्योच दिवस बराबर हाय."

इतकं बराबर काही बघायचं नसतं, हे मला आता कळतं.

नाताळच्या सकाळी आम्ही निघालो. काकींनी माळ्यावरून एक स्टीलचा डबा काढला. झाकणावर नाव कोरलेलं होतं, 'रूथ'. बाई गाव सोडून गेल्या त्याआधीच्या नाताळचा डबा. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून काकी काहीतरी गोडधोड होण्याची वाट बघत राहिल्या, तेवढ्यात बाई गेल्या आणि डबा घरातच राहिला. आमच्या शेजारची गाय परवाच व्याली होती. काकींनी डबा भरून खरवस दिला. आबांनी इस्त्रीची टोपी घातली होती. बसमध्ये खिडकीपाशी बसून ते ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, पहिलं वाक्य सापडत नाही.

दौंडला रेल्वेच्या वसाहतीत बाईंच्या मुलीचं घर शोधायला वेळ लागला नाही. आजूबाजूच्या तीन-चार घरांवर चांदण्या होत्या, त्या घरावर नव्हती. मला वाटलं, माणसं बाहेर गेली असतील. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बाईंनी, शालिनीताईंनी. आम्ही अंथुर्ण्याचे, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आईच्या गावचे? या, या ना," असं म्हणत त्यांनी आम्हाला आत घेतलं.

टेबलावर फोटो होता आणि पुढे मेणबत्ती. तो माझ्याआधी आबांनी बघितला. ते होते तिथेच उभे राहिले.

"दिवाळीच्या आठ दिवस आधी गेली," शालिनीताई म्हणाल्या. "झोपेतच."

मी मनात महिने मोजायला लागले. श्रावण, भाद्रपद, आश्विन. मग मोजणं सोडून दिलं.

त्या बसा म्हणत होत्या, पण आबा बसले नाहीत. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, टोपी काढून हातात घेतली आणि फोटोकडे न बघता शालिनीताईंकडे बघून बोलले. "ताई, तुमच्या आईच्या दुधात पाणी नव्हतं. मी फळ्यावर नाव लिवलं, आठ दिस ठेवलं. वर आन् पंधरा वर्षं गावभर सांगत फिरलो. पाणी नव्हतं. मोजायला मी चुकलो. ही शिकल्याली हाय, हिला इचारा."

मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं. पण शालिनीताईंच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या लक्षात आलं, की त्यांना यातलं काहीच कळत नव्हतं.

"कसलं पाणी?" त्यांनी विचारलं. "कुठला फळा?"

आबांना मग सगळं सांगावं लागलं. रांग, नळी, खडू, वीस-पंचवीस माणसं, दुसऱ्या दिवशीचा फराळ, मांडीवरची थाप, म्हण. काही सोडलं नाही. मला ते मधेच थांबवावंसं वाटत होतं, पण माझी हिंमत झाली नाही. सांगून झाल्यावर शालिनीताई उठून आत गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आम्ही दोघं परीक्षेत नापास झालेल्या पोरांसारखे उभे. आबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नर्सबाईनं झाकून ठेवलं हुतं. मी येऊन उघडं केलं."

हे त्यांना माझ्याआधी समजलं होतं. माफी मागायला आलो होतो. ती द्यायला जागेवर कुणी नव्हतं, आणि ज्या घरात तो अपमान कधी पोचलाच नव्हता, तिथं नेमका सणाच्या दिवशी आम्ही तो आमच्या हातांनी नेऊन ठेवला होता.

शालिनीताई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं. हातात तीन ताटं होती. म्हणाल्या, "आईनं हे मला कधी कळू दिलं नाही. अंथुर्ण्याची आठवण निघाली की एवढंच म्हणायची, नाताळचा पहिला डबा दशरथरावांच्या घरी जायचा. मला वाटायचं, तुमचं फार जवळचं नातं असणार." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मिस्टर ड्युटीवर आहेत. आईशिवाय पहिलाच नाताळ. मी कुणाला बोलावलं नव्हतं. जेवून जा."

आबा नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं ते म्हणतील.

वरण-भात, मटणाचा रस्सा आणि काकींचा खरवस, असं ते जेवण होतं. ताटं वाढल्यावर शालिनीताईंनी संकोचून विचारलं, आम्ही जेवणाआधी प्रार्थना करतो, तुम्हाला चालेल ना? आबा म्हणाले, "मला ह्यातलं काय येत न्हाय, ताई." त्या म्हणाल्या, नुसते बसा. त्यांनी डोळे मिटून हळू आवाजात आईचं नाव घेतलं, आईच्या गावाहून आलेल्या पाहुण्यांचं नाव घेतलं, आणि आमेन म्हटलं. मी डोळे उघडले. शालिनीताईंनी उघडले. आबांचे मिटलेलेच. टोपी मांडीवर, दोन्ही हात टोपीवर. भाताची वाफ गेली तरी ते तसेच बसून होते. आम्ही दोघी जेवायचं थांबलो. सत्यनारायणाला हजेरी लावणारा हा माणूस तिथं जे करत होता, त्याला काय म्हणायचं ते मला अजून माहीत नाही.

जेवताना शालिनीताईंनी खरवस दोनदा मागून घेतला. तिथं मिळत नाही म्हणाल्या, आणि गावात असताना शेजाऱ्यांकडून यायचा त्याची आठवण सांगितली. आबांनी त्या दिवशी तेवढं एक मान वर करून ऐकलं. निघताना शालिनीताईंनी डबा धुऊन, त्यात नानकटाई भरून परत दिला. आबा घेईनात. त्यांनी बळेच पिशवीत घातला.

परतीच्या बसमध्ये बारामतीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. बस गोगलगायीच्या गतीनं चालली होती. मी खूप वेळ धीर गोळा करत होते. शेवटी म्हटलं, "आबा, चुकलं माझं. मी तेव्हाच न्यायला हवं होतं तुम्हाला."

"तुजं चार म्हैनं गेलं," आबा म्हणाले. "माजी पंधरा वर्षं गेली. तू कशाला रडतीस?"

मी म्हटलं, त्यांनी मनात काही ठेवलं नसेल. बाई तशा नव्हत्या. आणि आज तुम्ही डोळे मिटून बोललात की त्यांच्याशी. बोललात ना?

आबांनी मान हलवली. "न्हाय. बोलायला तितं कोण असाया पाहिजे. नर्सबाई गेली म्हंजे गेली. मला डिग्री दिसंना तर मी हाय कसं म्हणू?"

मग खिडकीबाहेर बघत बसले. पुढची ट्रॉली वळून गेली, बसनं जरा वेग घेतला. मला वाटलं त्यांना डुलकी लागली. तेवढ्यात ते बोलले. मला नाही, बाहेरच्या उसाला सांगावं तसं.

"आज पयल्यांदा वाटलं, देव असता तर बरं झालं असतं. नर्सबाईला निरोप तरी धाडता आला असता."